नारोष्ट्र : त्रिविध अश्वस्पर्धेतील संज्ञाव्यवहार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगणारा एक अध्याय आहे. स्वारीच्या घोड्याच्या गतींचे तेथे पाच प्रकार केलेले आहेत : वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. ह्यांपैकी पहिल्या चारांचे पोटभेद गतीच्या रूपावरून पाडलेले दिसतात. लंघनाचे काही प्रकार तर माकड, बेडूक, बगळा ह्यांच्या हालचालींवरूनच ओळखले जातात. पाचवा प्रकार मात्र ह्या मालिकेत बसत नाही. 'नारोष्ट्र' म्हणजे काय हे सांगताना ग्रंथकार 'संज्ञाप्रतिकार' हे पद वापरतो. स्वाराने केलेल्या खुणेला घोड्याने दिलेला प्रतिसाद, असा त्याचा अर्थ. म्हणजे येथे वर्गीकरणाचे तत्त्वच बदलले आहे. घोडा कसा चालतो हा प्रश्न मागे पडून, तो कोणाचे आणि कसे ऐकतो हा प्रश्न पुढे आला आहे. अश्वशास्त्राच्या अभ्यासकांना ही केवळ एक विसंगती वाटेल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबावेसे वाटते.

प्रस्तुत लेखात ह्या 'संज्ञाप्रतिकारा'चा विचार आजच्या एका क्रीडाप्रकाराच्या आधारे करावयाचा आहे. तो क्रीडाप्रकार म्हणजे त्रिविध अश्वस्पर्धा. एकच स्वार आणि एकच घोडा लागोपाठच्या दिवसांत तीन परीक्षांना सामोरे जातात : रिंगणातील शिस्तबद्ध चालींची, म्हणजे ड्रेसाजची, उघड्या माळरानावरील पक्क्या अडथळ्यांची, म्हणजे क्रॉसकंट्रीची, आणि शेवटी रिंगणात रचलेल्या, धक्का लागताच पडणाऱ्या दांड्यांवरून मारावयाच्या उड्यांची. तिन्हींतील दंडगुणांची बेरीज होते आणि ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी ठरतो.

ह्या खेळाच्या नावाचीच कथा उद्बोधक आहे. इंग्रजीत त्याला 'इव्हेंटिंग' म्हणतात. हा शब्द 'इव्हेंट' ह्या सामान्यनामावरून साधला असून त्यावरून खेळाच्या स्वरूपाचा काहीच बोध होत नाही. फ्रेंचमध्ये तो 'कोंकूर कोंप्ले', म्हणजे संपूर्ण स्पर्धा. तर जर्मनमध्ये 'फीलझायटिशकाइट', म्हणजे बहुमुखीपणा. पूर्वी जर्मन भाषिक त्याला सरळ 'मिलिटरी' असे म्हणत, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच नाव सर्वांत प्रामाणिक होते. लष्करी अधिकाऱ्याचा घोडा संचलनात शिस्तीने चालावा, रानावनांतून न थकता दौडावा आणि दुसऱ्या दिवशीही कामास धड राहावा, ह्या तीन अपेक्षांतून ही परीक्षा जन्मास आली. १९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिकमध्ये ती प्रथम घेण्यात आली तेव्हा केवळ सेनाधिकाऱ्यांनाच तीत प्रवेश होता. स्त्रियांना १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकपर्यंत वाट पाहावी लागली. आणि वैयक्तिक सुवर्णपदक एखाद्या स्त्रीने मिळविण्यास २०२१ साल उजाडावे लागले. जर्मनीच्या यूलिया क्रायेव्हस्की ह्यांनी ते मिळविले तेही टोकिओतच.

भारतातही हा खेळ दीर्घकाळ घोडदळाच्या आश्रयाने राहिला. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत रघुबीर सिंग ह्यांनी 'शहजादा' ह्या घोड्यावर वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले, ते सैनिकच होते. त्यानंतर ह्या प्रकारात भारताला वैयक्तिक पदक मिळाले ते ३६ वर्षांनी, २०१८ साली जाकार्ता येथे. आणि मिळविणारा मात्र सैनिक नव्हता. बंगळूरच्या एका अश्ववैद्याचा मुलगा, फवाद मिर्झा, त्या वेळी २६ वर्षांचा होता. 'सेन्यॉर मेडिकॉट' ह्या घोड्यावर २६.४० दंडगुणांनिशी त्याने रौप्यपदक मिळविले. सांघिक रौप्यपदकातही त्याचा वाटा होता. पुढे २०२१ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये हीच जोडी उतरली. २००० साली सिडनीला गेलेल्या इम्तियाज अनीस ह्यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये घोड्यावर बसलेला हा पहिलाच भारतीय स्वार.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वार घोड्याशी 'बोलतो' असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे कितपत खरे आहे?

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. ड्रेसाजच्या रिंगणात स्वाराला तोंडाने बोलण्यास मनाई आहे. शब्द उच्चारला, जीभ टाळ्याला लावून टिचकी वाजविली, तरी गुण कापले जातात. म्हणजे ज्या माध्यमामुळे मनुष्य हा मनुष्य ठरतो, ते माध्यमच येथे त्याच्याकडून काढून घेतलेले आहे. उरतात ती तीन साधने : पोटऱ्यांचा दाब, मांडीचे म्हणजे बैठकीचे वजन, आणि लगाम. ह्या तिन्हींचे माध्यम एकच, स्पर्श. घोड्याची त्वचा अंगावर बसलेल्या माशीचीही दखल घेते. त्यामुळे हे माध्यम आपण समजतो तेवढे स्थूल नाही.

ह्या खुणांचा अर्थ घोड्याला जन्मतः ठाऊक नसतो. पोटरीचा दाब म्हणजे 'पुढे चल', हा संकेत शिकविलेला आहे, आणि म्हणून तो सोस्यूरच्या अर्थाने बराचसा यादृच्छिक आहे. शिकविण्याची रीत अशी : दाब द्यावयाचा, आणि घोड्याने अपेक्षित हालचाल करताच तो तत्क्षणी काढून घ्यावयाचा. घोड्याला बक्षीस मिळते ते दाबाच्या अभावाचे. येथे क्षणाला महत्त्व आहे. दाब काढण्यास थोडासा उशीर झाला, तर घोडा त्या उशिराच्या क्षणी जे काही करीत असेल त्याच्याशी सुटकेचा संबंध जोडतो, आणि भलताच अर्थ शिकून बसतो. तरुण स्वाराच्या शिक्षणाची पहिली काही वर्षे वस्तुतः एवढ्याच एका गोष्टीत जातात : आपण काय म्हणतो आहोत ह्यापेक्षा आपण केव्हा गप्प बसलो, हे ओळखणे.

मराठीत लगाम हा शब्द नियंत्रणाचा वाचक झाला आहे. खर्चाला, जिभेला, वासनेला आपण लगाम घालतो. पागेच्या शब्दसंपत्तीपैकी पुष्कळ शब्द मराठीने फारसी-अरबीतून घेतले (लगाम, रिकीब, जीन, खोगीर, नाल, चाबूक आणि खुद्द 'स्वार' हे त्यांपैकीच) आणि 'खोगीरभरती'सारख्या प्रयोगांत ते पुढे स्वतंत्रपणे नांदू लागले. पण लगामाचा हा लाक्षणिक अर्थ घेऊन कोणी ड्रेसाज शिकू गेला, तर त्याची फसगत होईल. तेथे लगाम ही घोड्याच्या तोंडाशी सतत जोडलेली, हलकी, दोन्ही बाजूंनी जाणीव पोचविणारी वाट आहे. इंग्रजीत ह्या संबंधाला 'काँटॅक्ट' म्हणतात, जर्मनमध्ये 'आनलेनुंग'. पहिल्या शब्दाचा अर्थ संपर्क. दुसऱ्याचा, टेकणे, रेलणे. फरक लहान वाटला तरी तो परिणामकारक आहे. 'संपर्क' स्वार प्रस्थापित करतो. 'रेलणे' हे घोड्याने करावयाचे असते, स्वाराने फक्त हात स्थिर ठेवावयाचा. इंग्रजी पुस्तकावरून शिकलेला विद्यार्थी जर्मन गुरूकडे गेला तर आरंभीचे काही दिवस एकाच क्रियेचा कर्ता कोण ह्यावरून त्याचा घोटाळा होणे शक्य आहे. मिर्झाचे पुढील शिक्षण जर्मनीतच झाले. प्रथम बेट्टिना हॉय ह्यांच्याकडे आणि नंतर २०१४ च्या जगज्जेत्या सांड्रा आउफार्ट ह्यांच्याकडे.

ह्याच संदर्भात आणखी एक संज्ञा विचारात घेण्यासारखी आहे. चाल न मोडता, घोड्याचा तोल क्षणभर मागल्या पायांवर आणण्यासाठी स्वार बैठक, पोटऱ्या आणि लगाम ह्यांचा एकाच वेळी अल्पसा प्रयोग करतो. इंग्रजीत त्यास 'हाफ-हॉल्ट' म्हणतात. मराठीत त्याला 'अर्धविराम' असे म्हणावे, अशी माझी सूचना आहे. शब्दशः भाषांतर म्हणून नव्हे. दोहोंचे कार्यच सारखे आहे म्हणून. वाक्य तेथे संपत नाही. पुढे काही महत्त्वाचे येत आहे, एवढीच सूचना मिळते. वळणापूर्वी, चाल बदलण्यापूर्वी, अडथळ्याकडे जाताना घोड्याला ही सूचना दिली जाते.

ह्या खुणांची रचनाही पाहण्यासारखी आहे. उच्चारित भाषेत ध्वनी एकामागून एक येतात. येथे घटक एकाच वेळी घडतात : आतली पोटरी, बाहेरचा लगाम, वजनाचा किंचित कल, हे तिन्ही मिळून एक अर्थ, त्यांतील एक बदलला तर दुसरा. ह्या बाबतीत हा व्यवहार बधिरांच्या हस्तभाषेला अधिक जवळचा आहे. मात्र साम्य येथेच थांबते. हस्तभाषा ही पूर्ण भाषा आहे, ही नव्हे. आणि ती का नव्हे, हे क्रॉसकंट्रीच्या मैदानावर जितके स्पष्ट होते तितके वर्गात होत नाही.

चार्ल्स हॉकेट ह्यांनी १९६० च्या सुमारास मानवी भाषेची जी लक्षणे सांगितली त्यांत एक असे आहे की, भाषेच्या द्वारे समोर नसलेल्या, दूरच्या, पुढे घडावयाच्या गोष्टींविषयी बोलता येते. त्यास आपण 'दूरान्वय' म्हणू. (संस्कृत काव्यशास्त्रात हा शब्द निराळ्या अर्थाने रूढ आहे, ह्याची जाणीव ठेवूनच.) क्रॉसकंट्रीपूर्वी स्वार सर्व मार्ग पायी फिरून पाहतो. कोणत्या ओंडक्यामागे जमीन खचली आहे, पाणी कोठे आहे, कोठे उडीनंतर लगेच वळावयाचे आहे, हे तो पावलांनी मोजून ठेवतो. घोड्याने मात्र तो मार्ग पाहिलेला नसतो. प्रत्येक अडथळा त्याच्यापुढे प्रथमच आणि अकस्मात उभा राहतो. एकाला सर्व ठाऊक, दुसऱ्याला काहीच नाही. आणि ठाऊक असलेल्याने दुसऱ्याला ते सांगण्याची सोय नाही. 'ह्या भिंतीपलीकडे पाणी आहे, पण उथळ आहे' हे वाक्य दाबाच्या आणि बैठकीच्या ह्या व्यवहारात रचताच येत नाही.

टोकिओत हा मार्ग सुमारे ४.४ किलोमीटरचा होता आणि तो ७ मिनिटे ४५ सेकंदांत पार करावयाचा होता. म्हणजे गती मिनिटाला ५७० मीटर. सेकंदाला साडेनऊ मीटर ह्या वेगाने पक्क्या लाकडी अडथळ्याकडे जाणाऱ्या घोड्याला स्वार एवढेच कळवू शकतो की काहीतरी येत आहे, वेग आवर, तोल मागे घे. बाकीचे घोड्याला स्वतः ठरवावे लागते, आणि तेही अखेरच्या दोनतीन ढांगांत. ह्या खेळात ज्याला 'विश्वास' म्हणतात ती भावना मी नाकारीत नाही. परंतु संज्ञाव्यवहाराच्या दृष्टीने पाहता, जेथे दूरान्वय अशक्य आहे तेथील पोकळी भरून काढणारे ते एक साधन आहे. मागे शेकडो वेळा 'तोल मागे घे' ही खूण मिळाली आणि तिच्यानंतर उडी सुखरूप पार पडली, ह्या अनुभवाचा तो साठा होय.

मिर्झा व मेडिकॉट ह्यांचे टोकिओतील आकडे ह्या दृष्टीने वाचता येतात. ड्रेसाजमध्ये त्यांना २८.०० दंडगुण मिळाले. शंभरातून पंचांनी दिलेली टक्केवारी वजा करून हा आकडा काढतात. तेव्हा पंचांच्या मते त्यांचा व्यवहार ७२ टक्के निर्दोष होता, आणि त्या बळावर ते नवव्या स्थानी होते. क्रॉसकंट्रीत घोडा कोठेही अडला नाही. मात्र वेळ अधिक लागला. नियत वेळेपुढील दर सेकंदाला ०.४ ह्या दराने ११.२० दंडगुण झाले, म्हणजे २८ सेकंद. उड्यांच्या पहिल्या फेरीत ८ दंडगुणांची भर पडूनही ही जोडी अंतिम फेरीसाठीच्या पंचविसांत आली. अखेर ५९.६० दंडगुणांवर तिला तेविसावे स्थान मिळाले.

येथे 'अडला' हे क्रियापद मी हेतुपुरस्सर वापरले आहे. क्रॉसकंट्रीत घोडा अडथळ्यापुढे थांबला तर पहिल्या वेळेस २० दंडगुण होतात. त्याच अडथळ्यापुढे पुन्हा थांबला तर ४०. इंग्रजी नियमावलीत अशा वर्तनास 'नकार' आणि व्यापक अर्थाने 'आज्ञाभंग' म्हटलेले आढळते. आज्ञाभंग ह्या शब्दाच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे : आज्ञा दिली गेली, ती पोचली, समजली, आणि नंतर मोडली. पण घोडा थांबला तो खूण उशिरा पोचली म्हणून, की पोटऱ्या 'चल' आणि हात 'थांब' असे एकाच वेळी म्हणत होते म्हणून, की त्याला पाय दुखत होता म्हणून? नियमाला ह्याच्याशी कर्तव्य नाही, आणि ते योग्यच आहे. पंचांनी मनोविश्लेषण करीत बसू नये. तथापि भाषेच्या अभ्यासकाने हे गृहीतक उघडे करून दाखविले पाहिजे. मराठीतील 'घोडा अडला' हा अकर्मक प्रयोग ह्या बाबतीत अधिक सावध आहे. तो घडले ते सांगतो, दोष कोणाचा ते सांगत नाही. ('अडेल तट्टू' म्हणताना मात्र आपणही निवाडा देऊन मोकळे होतो.)

घोडा आपल्याला अभिप्रेत नसलेल्या खुणाही वाचतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सिद्ध झाले आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन ह्यांचा 'हान्स' नावाचा घोडा टापा मारून गणिते सोडवीत असे. ऑस्कर फुंग्स्ट ह्यांनी त्याची काळजीपूर्वक परीक्षा केली आणि १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : योग्य संख्येची टाप पडताच प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची जी अत्यल्प, अजाणता हालचाल होई, तीच पाहून घोडा थांबे. उत्तर प्रश्नकर्त्यालाच ठाऊक नसले, तर घोड्यालाही ते येत नसे. मानसशास्त्राच्या वर्गात ही कथा घोड्याच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती उलट वाटते. समोरच्या माणसाने बोललेले नव्हे, तर त्याच्या शरीराने नकळत उघड केलेले जो वाचतो, त्याच्या वाचनशक्तीचे हे उदाहरण आहे. ज्या स्वाराला पाण्याच्या अडथळ्याची भीती वाटते त्याची बैठक अडथळ्यापूर्वीच आखडते, आणि घोडा ती आखडलेली बैठक वाचतो. स्वाराच्या पोटऱ्या त्या वेळी काय सांगत आहेत, ह्याला मग फारसा अर्थ उरत नाही.

म्हणूनच घोडा एका स्वाराकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा जे घडते ते व्यक्तिबोलीच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. मेडिकॉटवर पूर्वी स्वतः बेट्टिना हॉय स्पर्धांत बसत असत. त्याचे शिक्षण त्यांच्या हाताखाली झाले, म्हणजे खुणांचा सामान्य संकेत जरी सर्वत्र एकच असला, तरी त्याच्या कानी पडलेली बोली त्यांची होती : दाब किती, किती काळ, अर्धविराम किती ढांगा आधी. नव्या स्वाराला घोडा शिकवावयाचा नसतो. घोड्याला अगोदरच येत असलेली बोली स्वतः शिकावयाची असते. उत्तम शिकलेला घोडा तरुण स्वाराचा गुरू होतो असे जे म्हणतात, त्याचा आशय एवढाच आहे.

आतापर्यंत विचार केला तो स्वाराकडून घोड्याकडे जाणाऱ्या खुणांचा. उलट दिशेचा व्यवहार अधिक अस्फुट आहे, आणि त्यात चूक झाली तर किंमत दंडगुणांत मोजली जात नाही. कानांची दिशा, पाठीचा ताठरपणा, शेपटीचे झटके, तोंड उघडणे, ह्या गोष्टी स्वाराला सतत कळत असतात. पण त्यांचा अर्थ 'नको' असा, की 'दुखते आहे' असा, हे ठरविणे कठीण. ब्रिटनमधील अश्ववैद्य सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ह्यासाठी स्वारीखालील घोड्याच्या चोवीस वर्तनांची एक सूची मांडली. त्यांपैकी आठ किंवा अधिक वर्तने आढळल्यास घोड्याला स्नायू वा सांध्यांच्या वेदना असण्याचा संभव बराच असतो. ह्या सूचीतील एकेकटे वर्तन काहीच सिद्ध करीत नाही. अर्थ येतो तो समुच्चयाला. कोशकाराला एखाद्या अपरिचित शब्दाचा अर्थ अनेक प्रयोग एकत्र पाहूनच ठरवावा लागतो, तशीच ही रीत आहे.

ती सूची निघाल्यानंतरही धोका टळलेला नाही. टोकिओत १ ऑगस्ट २०२१ रोजी क्रॉसकंट्रीमध्येच स्वित्झर्लंडच्या रोबिन गोडेल ह्यांचा 'जेट सेट' हा चौदा वर्षांचा घोडा एका उडीनंतर लंगडू लागला. खुराच्या वर अस्थिबंध तुटला होता. त्याच दिवशी त्याला दयामरण द्यावे लागले. स्वारांचे बळीही ह्या खेळाने घेतले आहेत. १९९९ साली एकट्या ब्रिटनमध्ये पाच स्वार मृत्युमुखी पडले. घोड्याचे पुढचे पाय पक्क्या अडथळ्यावर अडकून तो उलटा स्वारावर पडणे, हा अपघात सर्वांत भयंकर. त्यानंतर विशिष्ट भार येताच मोडून दांडी खाली सोडणाऱ्या खुंट्या बसविण्याची पद्धत सुरू झाली. अशी खुंटी मोडल्यास आता ११ दंडगुण होतात. पण घोडा आणि स्वार बहुधा उभे राहतात.

क्रॉसकंट्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उड्यांची परीक्षा होण्यापूर्वी, प्रत्येक घोड्याची तपासणी होते. ह्या वेळी पाठीवर स्वार नसतो, खोगीर नसते. सामान्यतः स्वार स्वतःच पायी चालत घोड्याला लगामाने धरून कठीण जमिनीवरून नेतो आणि परत आणतो, आधी चालीने, मग दुडकीने. पंच आणि वैद्य बाजूला उभे राहून पावले पाहतात, टापांचा आवाज ऐकतात. चार टापांचा ठेका सम पडतो की एखादी टाप हलकी पडते, हे कान अनेकदा डोळ्यांच्या आधी सांगतो. शंका आल्यास घोड्याला बाजूला नेऊन पुन्हा तपासतात आणि पुन्हा चालवितात. त्यानंतर ध्वनिक्षेपकावरून घोड्याचे नाव घेतले जाते आणि त्यापुढे दोहोंपैकी एक शब्द उच्चारला जातो : 'स्वीकृत' किंवा 'अस्वीकृत'. तीन दिवसांच्या ह्या व्यवहारात घोड्याविषयीचा निर्णय मानवी शब्दांत जाहीर होतो तो ह्या एका ठिकाणी, आणि तो सर्वस्वी त्याच्या पावलांवरून घेतलेला असतो.